माळ्यावरचा सायलेन्सर

"आला गं तुझा लेक!" हे शेजारीण आजकाल खिडकीतून न डोकावताच सांगते. कारण लेक अजून दोन चौक मागे असतो, पण त्याच्या गाडीचा आवाज घरात येऊन बसलेला असतो. आधी धडधड, मग कोपऱ्यावर वळताना फाट्‌ फाट्‌ असे दोन बार. कपाटाच्या काचा थरथरतात, कुत्री भुंकायला लागतात, पाळण्यातलं बाळ दचकून उठतं. आणि चिरंजीव हेल्मेट हातात घेऊन (डोक्यावर नाही बरं का!) ऐटीत जिना चढून वर येतात.

मैत्रिणींनो, हे चित्र आता एखाद्या घरातलं राहिलेलं नाही. निगडी असो, चिखली असो, भोसरी, मोशी की चाकण, प्रत्येक आळीत अशी एक-दोन 'बोलणारी' मोटरसायकल असतेच. पूर्वी गावात एखादीच बुलेट असायची आणि तिच्या आवाजाचं कौतुक असायचं. आता गाड्या भरपूर झाल्या, आवाजही भरपूर झाले, आणि कौतुक कुणालाच उरलेलं नाही. तक्रार मात्र उघडपणे कुणी करत नाही. "कशाला उगाच तोंड वाईट करायचं, रोज समोरासमोर राहायचंय" असं म्हणून आपण खिडकी लावून घेतो.

पण खिडकी लावून भागत नाही, अशी घरं आपल्या या औद्योगिक पट्ट्यात फार आहेत.

दिवसा झोपणारी माणसं

आपल्याकडे तिसरी पाळी असते. रात्रभर मशिनवर उभं राहून आलेला माणूस सकाळी आठ-नऊला दोन घास खाऊन आडवा होतो. त्याची रात्र आपल्या दिवसा असते. बायको बिचारी कुकरच्या शिट्ट्या मोजून करते, मुलांना "हळू बोला, पप्पा झोपलेत" म्हणत खोलीबाहेर काढते, टीव्ही बंद ठेवते. आणि अकरा वाजता खालून एक गाडी फाट्‌ फाट्‌ करत जाते. झालं! मोडलेली झोप काही परत जुळून येत नाही.

आमच्या बचत गटातली एक मैत्रीण म्हणाली, "ताई, यांना प्रेस शॉपमध्ये कानात घालायला प्लग देतात. कंपनीत कान सांभाळतात आणि घरी येऊन दचकतात, हे काय नशीब!" तिचे मिस्टर झोप पुरी न होता रात्री पुन्हा प्रेसवर जातात. जिथे लोखंडाचा पत्रा एका दणक्यात वाकतो, तिथे डुलकी लागून चालत नाही. तिची काळजी आवाजाची नव्हती, नवऱ्याच्या हाताच्या बोटांची होती. हे ऐकल्यावर आम्ही सगळ्याजणी गप्प झालो.

शिवाय घरात बाळंतीण असते, तान्हं मूल असतं, बी.पी.ची नाहीतर हृदयाची दुखणी असलेले सासू-सासरे असतात. अचानक आलेला मोठा आवाज शरीराला धोक्याची सूचना वाटतो. छाती धडधडते, रक्तदाब चढतो, झोपेतसुद्धा हे होतं. रोजच्या रोज असं झालं तर झोप, चिडचिड, रक्तदाब या सगळ्यावर त्याचा परिणाम होतो. आणि सगळ्यात जवळचे कान कुणाचे? गाडी चालवणाऱ्या आपल्याच पोराचे! रोज तास दोन तास असा आवाज ऐकला तर बहिरेपण हळूहळू येतं, आणि कानाच्या आत एकदा झालेलं हे नुकसान भरून येत नाही.

सायलेन्सर करतो तरी काय?

आपल्याला गाडीतलं काय कळतं, असं म्हणू नका. प्रेशर कुकर कळतो ना? मग सायलेन्सरही कळेल. कुकरची शिट्टी एकदम उचलली की वाफ केवढा फुत्कार टाकत बाहेर येते! तीच वाफ हळूहळू सोडली तर आवाज कमी. इंजिनातही पेट्रोलचा लहानसा स्फोट होतो आणि तापलेला वायू जोराने बाहेर पडू बघतो. तो सरळ बाहेर सोडला तर प्रत्येक वेळी बंदुकीसारखा आवाज येईल. म्हणून कंपनी त्याला सायलेन्सरच्या पोटातून फिरवते. आत पत्र्याचे आडवे पडदे असतात, छोटे कप्पे असतात, बारीक भोकांच्या नळ्या असतात. वायू या कप्प्यातून त्या कप्प्यात जातो, पसरतो, त्याचा जोर मोडतो. आवाजाच्या लाटा एकमेकींवर आपटून जिरतात. काही सायलेन्सरमध्ये आवाज शोषायला काचेच्या लोकरीसारखं भरणही असतं.

बाजारात मिळणाऱ्या मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरमध्ये हे पडदे नसतात, किंवा नावापुरते असतात. आरपार नळीच असते म्हणा ना. इंदोरी, पंजाबी, फटाका अशी त्याची नावं. काही पोरं तर कंपनीचाच सायलेन्सर कापून आतलं सगळं काढून टाकतात आणि वरून वेल्डिंग मारतात. बाहेरून बघणाऱ्याला काही कळत नाही, पण पोट रिकामं!

आणि ते फटाके? चालत्या गाडीचं बटण बंद करून पुन्हा चालू केलं की न जळलेलं पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरमध्ये जातं आणि तिथे पेट घेतं. म्हणजे पेट्रोलच्या या भावात आपण पैसे जाळून आवाज विकत घेतो. नव्या गाड्यांमध्ये धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, तोही या फटाक्यांनी खराब होतो. तो बदलायचा म्हणजे मोठा खर्च.

आपल्याच अंगणातली गाडी

मला सगळ्यात नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. या गाड्या काही परक्या मुलखातून येत नाहीत. बजाज ऑटोची पल्सर २००१ साली बाजारात आली ती चाकणच्या कारखान्यातून. तरुण पोरांच्या आवडीच्या केटीएम गाड्याही चाकणलाच तयार होतात. गाडी रस्त्यावर येण्याआधी तिच्या आवाजाची आणि धुराची तपासणी करणारी मोठी संस्था, एआरएआय, पुण्यात वेताळ टेकडीवर आहे, १९६६ साली स्थापन झालेली. म्हणजे गाडी बनवणारे, तपासणारे आणि सुटे भाग पुरवणारे अनेक हात आपल्याच पट्ट्यातले. कुणाचा नवरा, कुणाचा दीर, कुणाचा भाऊ.

आमच्या भागातली एक गोष्ट सांगते. नावं सांगत नाही, कारण माणसं ओळखीची आहेत. एक गृहस्थ एका छोट्या व्हेंडर कंपनीत वेल्डर. काम काय, तर सायलेन्सरच्या आतले पत्रे जोडायचे. आठ तास तेच. आणि त्यांच्याच मुलाने पहिल्या पगारातून बुलेटला फटाका सायलेन्सर बसवून घेतला! वहिनींना वाटलं, आता घरात महाभारत होणार. पण हे गृहस्थ शांत माणूस. रविवारी भंगारवाल्याकडून एक जुना सायलेन्सर आणला, अंगणात ग्राइंडरने उभा चिरला आणि मुलाला हाक मारली.

"इकडे ये. हा बघ पहिला पडदा. हा दुसरा. ही नळी. एक टाका कमी पडला की माल परत येतो."

"पप्पा, एवढं असतं आत?" पोरगं वाकून बघायला लागलं.

"एवढं असतं. आणि तू दुकानदाराला पैसे देऊन हेच काढून टाकलंस."

एवढंच बोलले. रागावले नाहीत, हात उचलला नाही. वहिनी सांगत होत्या, त्या दिवशी पोरगं जेवताना गप्प होतं. पुढच्या आठवड्यात माळ्यावर गोणपाटात गुंडाळून ठेवलेला कंपनीचा सायलेन्सर त्याने स्वतःच खाली काढला. "घरात बापाचं काम काय आहे, ते त्याला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं," वहिनी म्हणाल्या. मला ते वाक्य फार आवडलं.

मुलं असं का करतात?

विचारून बघा, उत्तरं ठरलेली असतात. पहिलं, "पिकअप वाढतो." बहुतेक वेळा वाढतो तो आवाज. कंपनीने इंजिन आणि सायलेन्सर एकमेकांना जुळवून दिलेले असतात. नुसती नळी बदलून जोर फारसा वाढत नाही, उलट ॲव्हरेज बिघडू शकतं. दुसरं, "आवाज आला की लोक बाजूला होतात, अपघात टळतो." पण सायलेन्सरचं तोंड असतं मागे. जास्त आवाज मागच्यांना, पुढच्याला उशिरा कळतं. त्यासाठी हॉर्न आहे, आणि एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा कायम चालूच असतो.

तिसरं उत्तर मुलं देत नाहीत, ते आपण ओळखायचं. दिवसभर कंपनीत कंत्राटी कामगार म्हणून उभा असलेला वीस-बावीस वर्षांचा मुलगा, नाव कुणी विचारत नाही, गेटवर फक्त कार्ड बघतात. त्याला कुठेतरी वाटतं, माझ्याकडे कुणीतरी वळून बघावं. गाडीच्या आवाजाने सगळे वळून बघतात. ते कौतुकाने बघत नाहीत हे त्याला कोण सांगणार? म्हणून नुसतं ओरडून उपयोग होत नाही. घरात त्याचं म्हणणं ऐकलं जातं का, हेही एकदा बघायला हवं.

कायदा काय म्हणतो?

आता थोडं कायद्याचं. हे मुलांना माहीत नसतं आणि दुकानदार सांगत नाही.

प्रत्येक मोटार वाहनाला सायलेन्सर असलाच पाहिजे आणि त्याने आवाज शक्य तेवढा कमी केलाच पाहिजे, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांमधला १२० वा नियम सांगतो. नवी मोटरसायकल तयार होते तेव्हा तिच्या आवाजाला मर्यादा असते. ८० सी.सी.पर्यंत ७५ डेसिबल, ८० ते १७५ सी.सी.ला ७७, आणि त्यावरच्या गाड्यांना ८०. डेसिबलचा हिशेब आपल्या बेरजेसारखा नसतो. दहा डेसिबल वाढले की आवाजाची ताकद दहापट होते आणि कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे ७७ची गाडी ९७वर गेली तर ताकद शंभरपट! आणि राहत्या वस्तीसाठी २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी ठरवलेली मर्यादा आहे दिवसा ५५, आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५. दवाखाने, शाळा, न्यायालयं यांच्या भोवतीच्या शंभर मीटरच्या शांतता क्षेत्रात तर आणखी कमी, दिवसा ५० आणि रात्री ४०.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या गाडीत मनाला येईल तसे बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन शिक्षा वाढल्या. आवाजाचे आणि प्रदूषणाचे निकष मोडले तर कलम १९०(२) खाली पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि लायसन्सवर तीन महिन्यांची गदा येते. बेकायदा बदलासाठी मालकाला कलम १८२ अ (४) खाली प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. जागेवर घेतला जाणारा तडजोड दंड याहून कमी असतो, हे खरं. पण ज्या पोराची नोकरी रोज वीस किलोमीटर गाडी चालवून जाण्यावर अवलंबून आहे, त्याचं लायसन्स तीन महिने गेलं तर काय?

आणि आई-बापांनी हे नीट वाचा. अठरा वर्षांखालच्या मुलाने गाडीवर गुन्हा केला तर कलम १९९ अ खाली पालक किंवा गाडीमालक जबाबदार. पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. "अकरावीत आहे, हौस आहे, घेऊ दे" म्हणण्याआधी हा आकडा आठवा. शिवाय गाडीत न कळवता बदल केले असतील तर अपघातानंतर विमा कंपनी क्लेमला हरकत घेऊ शकते, तेही वेगळंच.

आवाजाच्या कायद्यामागे एका मुलीचं दुःख आहे, हे आपल्यापैकी फार थोड्याजणींना माहीत असेल. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजी ध्वनिप्रदूषणावर मोठा निकाल दिला. ज्या याचिकेवर तो दिला, ती दाखल होण्यामागे एक घटना होती. तेरा वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाला आणि लाऊडस्पीकरच्या गोंगाटात तिच्या हाका कुणाला ऐकूच गेल्या नाहीत. आवाज म्हणजे नुसता त्रास नाही. आवाजाखाली दुसऱ्याची हाक दबते. बायकांनी हा विषय आपला मानायला हवा तो यासाठी.

आवाज कमी कसा करायचा?

सगळ्यात सोपा आणि स्वस्त उपाय म्हणजे कंपनीचा मूळ सायलेन्सर परत बसवणं. बहुतेक घरांत तो माळ्यावर, जिन्याखाली किंवा पलंगाखाली पडलेला असतोच. चार नट-बोल्ट आणि एक नवीन गॅस्केट, मेकॅनिकचं तासाभराचं काम. जुनं गॅस्केट मात्र पुन्हा वापरू देऊ नका. इंजिनाजवळच्या सांध्यातून हवा निसटली तर मूळ सायलेन्सर लावूनही फटफट आवाज येत राहतो, आणि मुलगा म्हणतो, "बघ, काही फरक पडला नाही!"

मूळ सायलेन्सर दुकानदारालाच देऊन टाकला असेल, तर अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून त्याच मॉडेलचा घ्यावा. काही हजारांचा खर्च येतो, पण ते एकदाच.

काही बाहेरच्या सायलेन्सरना 'डीबी किलर' नावाचं काढता-घालता येणारं नळकांडं असतं. पोरं ते काढून ठेवतात. ते परत घातलं की आवाज बराच उतरतो. भरणाचा सायलेन्सर असेल तर आतली लोकर जळून गेलेली असते, ती नव्याने भरता येते. पण हे केलं म्हणजे सायलेन्सर कायद्यात बसला असं नाही. मूळ सायलेन्सर मिळेपर्यंतची सोय म्हणून याकडे बघावं.

काही मुलं भांडी घासायची तारेची घासणी नळीत कोंबतात. (घासण्या कुठे गायब होतात याचा शोध लागला असेल!) हे अजिबात करू देऊ नका. वायूची वाट तुंबते, इंजिन तापतं, नाहीतर ती घासणी तापून मागच्याच्या अंगावर उडते.

आणि हो, प्रत्येक आवाजामागे हौसच असते असं नाही. जुन्या गाडीचा सायलेन्सर आतून गंजतो. रोज दुकानापर्यंत, शाळेपर्यंत असं जवळच जाणं-येणं असेल तर आत पाणी साचून तो लवकर सडतो, भोक पडतं आणि आवाज वाढतो. शेजारच्या काकांना नावं ठेवण्याआधी एकदा प्रेमाने विचारा, "काका, सायलेन्सर दाखवला का मेकॅनिकला?"

बोलायचं कसं?

आमच्या गटाने एक केलं. भांडायला म्हणून कुणीच गेलं नाही. ज्यांच्या घरी तिसरी पाळी आहे, तान्हं बाळ आहे, आजारी माणूस आहे, अशा दोघी-तिघी मिळून मुलाच्या आईकडे गेलो. तक्रार गाडीची नाही मांडली, आपल्या घरातली अडचण सांगितली. "वहिनी, सकाळी नऊ ते चार हे झोपतात हो." आईला आईची भाषा लवकर कळते. बहुतेक घरांत एवढ्याने काम झालं. एका घरी "आमचा एकट्याचाच दिसतो का?" असं ऐकावं लागलं, पण महिन्याभराने तिथलाही आवाज उतरला. कुणी उतरवला ते आम्ही विचारलं नाही.

बोलून नाहीच झालं तर ११२ नंबर आहे, वाहतूक पोलीस आहेत. पिंपरी-चिंचवडला १५ ऑगस्ट २०१८ पासून स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे. गाडीचा नंबर, वेळ आणि जागा लिहून एक साधा अर्ज दिला तरी चालतो. सगळ्याजणींनी मिळून दिला तर एकीवर राग राहत नाही. राज्यात बऱ्याच ठिकाणी पोलिसांनी असे सायलेन्सर जप्त करून रोड रोलरखाली चिरडले आहेत. पण पोलिसांनी चिरडण्यापेक्षा मुलाने स्वतः काढलेला बरा. त्यात त्याचाही मान राहतो.

एवढं लक्षात ठेवा

* गाडीला कुठलंही काम केलं तरी मूळ सायलेन्सर दुकानात सोडू नका, घरी आणा.
* जुनी गाडी विकत घेताना ती चालू करून आवाज ऐका. मूळ सायलेन्सर नसेल तर तेवढे पैसे कमी करायला लावा.
* सायलेन्सर परत बसवताना गॅस्केट नवंच घाला.
* गाडी घेऊन देताना पहिल्या दिवशीच अट सांगा: हेल्मेट डोक्यावर, सायलेन्सर कंपनीचा.
* वस्तीत कुणाकडे बाळंतीण, आजारी माणूस किंवा तिसरी पाळी आहे, हे गल्लीतल्या मुलांना नावानिशी माहीत असू द्या. ओळखीच्या माणसाची झोप मोडायला पोरं कचरतात.

आकुर्डीच्या ज्या कारखान्यातून एके काळी पेट्रोलवरची चेतक स्कूटर बाहेर पडायची, तिथे आता विजेवर चालणारी चेतक तयार होते. तिला सायलेन्सरच नाही, कारण गप्प करावा असा आवाजच नाही. त्या गाड्या सगळ्यांच्या दारात यायला अजून वेळ आहे. तोवर आपल्या हातात आहे ते करू या. येत्या रविवारी घर आवरायला काढाल, तेव्हा माळ्यावर एक नजर टाका. गोणपाटात गुंडाळलेलं ते लांबट धूड दिसलं, तर मुलाला हाक मारा आणि म्हणा, "अरे, एवढं खाली घे बरं." पुढचं बोलणं आपोआप सुरू होईल.